शरयूचे लेटमार्क

२ डिसेंबर, सोमवार

ही वही कॉलेजच्या स्टोअरमधली नाही, बाजारातून विकत आणलेली आहे, हे आधी नोंदवून ठेवतो. हेडक्लार्कनं एवढं लिहिलेलं बरं असतं.

आज रिपोर्ट आला. तीन महिन्यांची सरासरी साखर नऊ पूर्णांक चार. डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "बडेबाबू, नुसत्या गोळ्या वाढवून आता भागणार नाही. रोज पाऊण तास चाला. तीन मार्चला परत तपासू. सातच्या आत आली तर ठीक, नाहीतर इन्सुलिन." मी हसून हो म्हटलं. बाहेर येऊन स्कूटरवर बसलो आणि कपाटाची किल्ली स्कूटरला लावत राहिलो.

सुईला मी भीत नाही. मला अण्णा आठवतात. आमच्या वडिलांना छप्पनाव्या वर्षी इन्सुलिन लागलं, अठ्ठावन्नाव्या वर्षी अंगठा गेला, साठीला घोट्यापासून पाय. शेवटची चार वर्षं ते दारात खुर्ची टाकून दुसऱ्यांचं चालणं पाहत बसायचे. मी आता पंचावन्नचा आहे. भीती वाटते आणि ती कोणाला सांगवत नाही, म्हणून ही वही.

शरयूनं रिपोर्ट दोनदा वाचला. म्हणाली, "उद्यापासून मी येते बरोबर. बघू, या खेपेला कसं सुटतं ते." तिच्या बोलण्याला आधार आहे. याआधी मी तीनदा व्यायाम सुरू केला. योगवर्ग एकोणीस दिवस, मग गुडघा. सायकल अकरा दिवस, मग कुत्रं मागे लागलं. पहाटे पळणं चार दिवस, मग सर्दी. सायकलवर हल्ली टॉवेल वाळतात.

३ डिसेंबर, मंगळवार

सहाला निघालो. घर, बसस्टँड, धारेचा, म्हणजे झऱ्याकडचा रस्ता, तिथून उल्केच्या विवराच्या काठावरच्या देवळाच्या पायऱ्या खाली आणि त्याच पायऱ्या वर. परत घर. बावन्न मिनिटं. वर चढून आलो तेव्हा माझ्या छातीचा भाता झाला होता. शरयू मागून हसत आली. तिचं वजन पंचेचाळीस किलो, तिला काय होणार.

जेवणाच्या सुट्टीत वहीत मस्टर आखला. तारीख, वेळ, शेरा. दोन नावं. उशीर करणाऱ्याला लाल शाईनं लेटमार्क. रविवारी सुट्टी, पण आठवड्यात तीन लेटमार्क झाले की तो रविवार कापला जाणार. शरयूनं नियम वाचले. "शिपायांना लावता तेच मला लावता का?" म्हटलं, कायदा सर्वांना सारखा.

९ डिसेंबर, सोमवार

आज उठावंसं वाटत नव्हतं. थंडी, आणि उजव्या टाचेत काहीतरी टोचल्यासारखं. टाच दाखवली तर शरयू म्हणाली, "मोजे घाला." एवढंच.

धारेच्या रस्त्यावर देवानंद इंगळे भेटले. एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, वय बासष्ट, रोज याच वेळी फिरतात. बत्तीस वर्षांत एकही अपघात नाही, हे पहिल्या पाच मिनिटांत सांगून झालं. म्हणाले, "बडेबाबू, संगं चाललो तं रस्ता लवकर सरते." पण त्यांची चाल माझ्यापेक्षा जलद आहे. ते मला झोंबलं. उद्यापासून त्यांच्या पुढे राहायचं.

१७ डिसेंबर, मंगळवार

शरयूला पहिला लेटमार्क.

तिनं फुलांची पिशवी आणली होती. कुणाच्या कुंपणाबाहेर तगरीची किंवा जास्वंदीची फांदी आली की ही थांबणार. दुसऱ्याच्या फुलांनी आपला देव पुजायचा ही आपल्याकडची मानाची चोरी आहे, त्याबद्दल माझं म्हणणं नाही. पण तीन मिनिटं गेली. पुढे पायऱ्या चढताना मध्येच थांबून "तो बघा मोर" म्हणाली. मला मोर दिसला नाही. चार मिनिटं. शेरा: फुलं, मोर.

२७ डिसेंबर, शुक्रवार

पंचवीस दिवस झाले. माझ्या आयुष्यातला विक्रम. पट्ट्याला आतलं भोक लागलं.

शरयू आज सहा वेळा थांबली. सगळे थांबे चढावर. घरी येऊन पिशवी पाहिली तर फुलं पाच. म्हटलं, सहा थांब्यांत पाच फुलं, हा हिशेब कुठल्या शाळेचा? ती ओट्याला टेकून पाणी पीत होती. म्हणाली, "देवाला पाच पुरतात." शेरा: फुलं. लाल शाई संपत आली आहे, ऑफिसातून नव्हे, दुकानातून आणायची.

८ जानेवारी, बुधवार

लेकीनं, गार्गीनं, संभाजीनगरहून मनगटाचा बँड पाठवला. पावलं मोजतो, नाडी मोजतो. आता माझ्या जिवाला आणखी घोर. ऑफिसात बसल्याबसल्या दर पाच मिनिटांनी नाडी पाहतो. प्राचार्यांनी दोनदा विचारलं, "गाडी पकडायची आहे का?"

सकाळी पायऱ्या चढून वर कट्ट्यावर बसलो होतो. मागून शरयू आली, गंमत म्हणून बँड तिच्या हाताला बांधला. आकडा आला एकशे चाळीस. पाच मिनिटं बसली तरी एकशे तीसच्या खाली येईना. परत माझ्या हाताला बांधला तर ब्याण्णव. म्हणजे बँड बिघडलेला आहे. गार्गीला फोन करून बदलून द्यायला सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, तुमचा आकडा बरोबर येतो ना?" म्हटलं हो. "मग बिघडला कसा?" शरयूनं माझ्या हातातून फोन घेतला आणि हळदीकुंकवाच्या वाणाचं बोलत बसली.

१५ जानेवारी, बुधवार

काल संक्रांत. तिळाची वडी शरयूनं माझ्या ताटात वाढली नाही आणि स्वतःच्याही घेतली नाही. तिला साखर नाही, तिनं काऊन सोडावी? पण सोडली.

यंदा ती हळदीकुंकवाला कोणाकडे गेली नाही. समोरच्या अनुपमाताई वाण घेऊन आल्या तेव्हा म्हणत होत्या, "वहिनी, जिना चढून वर या म्हटलं तर नाही म्हणालात." संक्रांतीला बायका गावभर फिरतात आणि ही घरात. आळस चढला आहे, दुसरं काय.

आणि तिची दाढ. चालताना डावीकडची खालची दाढ दुखते, खांद्यापर्यंत ठणकते, घरी येऊन बसली की थांबते. म्हटलं, अशी दाढ मी पहिल्यांदा ऐकली, जिला चालायचा कंटाळा आहे. ती हसली. मीही हसलो. लवंग धरायला सांगितली.

२४ जानेवारी, शुक्रवार

आनंदाची बातमी. देवानंदभाऊंचा गुडघा गेला. आनंद असं लिहू नये, पण वही खाजगी आहे. चार दिवस झाले, ते मागे पडतात, शरयूच्या बरोबरीनं रमतगमत येतात. मी एकटा पुढे. मात्र देवळापाशी पोचल्यावर ते उकिडवे बसून आरामात चपलेतला खडा काढत होते. गुडघा दुखणाऱ्याला उकिडवं बसता येतं का, हे कोणाला तरी विचारलं पाहिजे.

परतताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "बडेबाबू, एक बोलू का? राग नका धरू. वहिनीले दम लागून राह्यला."

"फुलं तोडत थांबते ती."

"मी बत्तीस वर्सं गाडी चालवली. चढावर इंजिनाचा आवाज बदलला तं पॅसिंजरले कळत नाही, डायव्हरले कळते. दवाखान्यात दाखवा."

मला आवडलं नाही. आमच्या घरात आजारी मी आहे. पथ्य माझं, गोळ्या माझ्या, रिपोर्ट माझा. तरी घरी येऊन शरयूला विचारलं. भाकरी थापता थापता म्हणाली, "देवानंदभाऊंना काही उद्योग नाही. तुमच्या तीन तारखेचं बघा." विचारलं एवढं तरी इथं नोंदवतो.

५ फेब्रुवारी, बुधवार

घरच्या मशीनवर उपाशीपोटी एकशे चौदा. दोन वेळा तपासली. तिसऱ्यांदा बोट टोचायला निघालो तर शरयूनं मशीन काढून घेतलं.

आणि आज सगळ्या पायऱ्या एका दमात चढलो, कुठेही न थांबता. वर पोचल्यावर कोणाला तरी सांगायचं होतं. खाली पाहिलं तर शरयू मधल्या वळणावर कठड्याला धरून उभी, शेजारी देवानंदभाऊ. मी हाक मारली. तिनं मान वर न करता हात हलवला. एवढ्या दिवसांचं कष्टाचं फळ, आणि तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. घरापर्यंत मी पुढेच चालत राहिलो. तिला उशीर: नऊ मिनिटं. शेरा लिहिला नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

बारावीची परीक्षा सुरू झाली. डोकं ठिकाणावर नाही. बैठक व्यवस्था, उत्तरपत्रिका, दोन पर्यवेक्षक गैरहजर. त्यात तीन मार्चला वीस दिवस उरले. काल रात्रीपासून एकच वाटतं, साखर सहा पूर्णांक नऊ येणार की सात पूर्णांक एक.

सकाळी शरयूसाठी अकरा मिनिटं थांबावं लागलं. दारात आल्यावर मी फाटकन बोललो, "तुझ्यामुळे माझी चाल तुटते. उद्यापासून येऊ नकोस." ती चप्पल काढून आत गेली. थोड्या वेळानं बाहेर येऊन म्हणाली, "मी नाही आले तर परवापासून तुम्हीही जाणार नाही." आणि पोळ्यांना लागली. माझ्यावर इतका अविश्वास.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मंगळवारी अकरा मिनिटं, गुरुवारी दहा, आज बारा. तीन लेटमार्क.

संध्याकाळी तिनं विचारलं, "उद्या रविवार. मी जरा पडून राहू का?" मी मस्टर दाखवला. तीन लेटमार्क, रविवार कापला. गमतीनंच दाखवला. ती पण गमतीनं म्हणाली, "बरं साहेब."

१६ फेब्रुवारी, रविवार

शरयू संभाजीनगरला आयसीयूत आहे. गार्गी आली आहे. जास्त लिहवत नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

बाहेरच्या बाकावर बसलो आहे. हातांना काही काम नाही, म्हणून लिहितो.

काल मी पायऱ्या चढून वर आलो, बँड पाहिला आणि मागे वळलो. शरयू वळणावर खाली बसली होती. थंडीत तिचा ब्लाऊज घामानं भिजलेला. मी धावत उतरलो. म्हणाली, "दोन मिनिटं. येते मी." देवानंदभाऊ वरच्या रस्त्याकडे पळत सुटले होते. पळत. गुडघा त्यांचा कधीच दुखत नव्हता.

कोणाची तरी जीप त्यांनी मागून आणली. सरकारी दवाखान्यात ईसीजीची पट्टी काढली, इंजेक्शन दिलं, जिभेखाली गोळी ठेवली आणि ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्या म्हणाले. जीपमध्ये वाटेत लागेल ते सामान घेऊन एक परिचारिका बसली. जीप देवानंदभाऊंनीच चालवली. खड्डा आला की आधीच वेग कमी व्हायचा, तिला एकदाही धक्का बसला नाही. मी मागे तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. सिंदखेडराजा गेलं, जालना गेलं. मी काय बोलत होतो ते आठवत नाही. ती मात्र एकदा म्हणाली, "तुम्ही सकाळपासून काही खाल्लं नाही. गोळी घेतलीत, साखर उतरेल."

इथे मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "त्रास केव्हापासून आहे? नक्की सांगा. अचानक सुरू झाला की हळूहळू वाढत गेला?"

शरयू म्हणाली, "झाले असतील आठ दिवस."

मी म्हटलं, "नाही. सतरा डिसेंबरपासून."

पिशवीत ही वही होती. सरकारी दवाखान्यातून धावत घरी जाऊन पिशवी भरली, तेव्हा कपड्यांच्या आधी मी हीच टाकली होती, का ते माहीत नाही. मस्टरची पानं उघडून दिली. डॉक्टर उभ्या उभ्या वाचत गेले. तारीख. किती मिनिटं. चढावर की सपाटीवर. डाव्या बाजूची दाढ, खांद्यापर्यंत ठणका, बसल्यावर आराम. नाडी एकशे चाळीस. पान उलटलं की लाल शाई, पुढचं पान, आणखी लाल शाई.

त्यांनी शेजारच्या तरुण डॉक्टरीणबाईंना बोलावून वही दाखवली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बावीस वर्षं हे काम करतोय. बायकोचा त्रास इतक्या बारकाईनं लिहून ठेवणारा नवरा पहिल्यांदा पाहतोय. फार काळजी घेता तुम्ही."

मी तोंड उघडलं. मला सांगायचं होतं की ही काळजी नाही, हे लेटमार्क आहेत. कालचा रविवार मी तिचा कापला होता. शरयूच्या नाकाला नळी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि डॉक्टरांना म्हणाली, "त्यांची सवयच आहे. माझं सगळं टिपून ठेवतात."

इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

१९ फेब्रुवारी, बुधवार

हृदयाच्या दोन नळ्या बंद होत्या, दोन्हीत स्टेंट टाकला. धोका टळला असं म्हणतात. मी ते तीन वेगवेगळ्या लोकांना विचारून खात्री केली.

आज तिला साध्या खोलीत आणलं. गार्गी खाली औषधं आणायला गेली तेव्हा विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला सोडायला निमित्त लागतं," ती म्हणाली. "गुडघा, कुत्रं, सर्दी. मला ते चौथं निमित्त व्हायचं नव्हतं. अण्णांचा पाय मी चार वर्षं धुतलाय. तुमचा धुवायची माझ्यात ताकद नाही. वाटलं, तीन मार्च होऊ दे, मग दाखवू."

मी तिचा हात धरून बसलो. सुईच्या जागी निळं झालं होतं. तीन मार्च होऊ दे. माझ्या एका आकड्यासाठी ही बाई अडीच महिने काळीज दाबून माझ्यामागे चढत होती, आणि मी वर उभा राहून घड्याळ बघत होतो.

मग म्हणाली, "आज चाललात का?"

"इथे कुठे चालू?"

"हा व्हरांडा मोठा आहे की."

निघालो. पाऊण तास. इकडून तिकडे, तिकडून इकडे. वॉर्डातल्या मावशीनं विचारलं, "काही हरवलं का हो?" दर फेरीला दारातून आत पाहत होतो. प्रत्येक वेळी ती जागीच होती आणि माझ्याकडेच पाहत होती.

३ मार्च, सोमवार

साखर सहा पूर्णांक आठ. इन्सुलिन नाही. तीन महिने या आकड्यासाठी तडफडलो. आज रिपोर्ट घेऊन बाहेर आलो, तर पहिल्यांदा आठवलं ते शरयूच्या दुपारच्या गोळीचं. घरी सांगितलं. ती रडली. मी तिला म्हटलं रडू नको, छातीवर ताण येतो, आणि मीच रडलो.

देवानंदभाऊ संध्याकाळी आले. त्यांच्यासमोर हात जोडले. म्हणाले, "हात काय जोडता? माह्या गाडीतला पॅसिंजर पोचला पाहिजे, एवढंच आपल्याले येते."

१० मार्च, सोमवार

डॉक्टरांनी तिला सपाटीवर पंधरा मिनिटं सांगितली आहेत. पायऱ्या नाहीत. मी माझा पाऊण तास पहाटे उरकून येतो आणि मग तिच्याबरोबर निघतो. बँड तिच्या हाताला आहे.

मस्टरचं नवं पान आखायला घेतलं आणि पेन खाली ठेवलं. म्हटलं, बंद करू का हे? शरयू म्हणाली, "काऊन बंद? डॉक्टरांना आवडलं ना." तिनं चेहरा इतका सरळ ठेवला की मला हसावं की मरावं कळेना. पान आखलं. लाल पेन गार्गीच्या जुन्या कंपासपेटीत टाकून दिलं.

सात वाजता निघालो. घर ते पिठाची गिरणी आणि परत. मी तिच्या मागे होतो. मागून चालताना पहिल्यांदा पाहिलं, की ती डावा पाय किंचित बाहेर टाकते. सव्वीस वर्षांत हे मला माहीत नव्हतं.

पहिल्या कुंपणाशी ती थांबली. "दम लागला का? बसतेस का? बँड दाखव."

"फुलं घेते."

दुसऱ्या कुंपणाशी थांबली, तेव्हाही तेच विचारलं. तिसऱ्याशी मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "अहो, फुलं घेते म्हटलं ना."

घरी आल्यावर ती पाणी प्यायला आत गेली, तेवढ्यात पिशवी टेबलावर उपडी केली आणि मोजलं. थांबे तीन. फुलं चौदा.